स्थानिक बँडसाठी छोटं लेबल काढायचंय: आधी काय, नंतर काय?

ढोबळठेका:
ओळखीतले तीन बँड आहेत, तिघांचीही गाणी स्वतःची. एकाचं रेकॉर्डिंग पूर्ण झालंय, दोघांचं मिक्सिंग चालू आहे. तिघांना एका नावाखाली आणून छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढायचा विचार पक्का केलाय. नफ्याची घाई नाही, पण दरवेळी पदरचं घालत बसायचीही ताकद नाही.

जाणकारांनी या शंकांवर लिहावं:
१) करार लेखी हवाच का? अमेरिकेतलं डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स हे लेबल १९८० पासून करारांशिवाय चाललंय म्हणतात.
२) पैशांची वाटणी कशी ठेवावी, म्हणजे पुढे तोंडं फिरणार नाहीत?
३) एका बँडला विनाइलच, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरवरची तबकडीच, हवं आहे. अल्बम ५२ मिनिटांचा. काढावं का?
४) ऑनलाइन टाकताना नवखे लोक नेमके कुठे अडकतात?

लोगो आधीच करून झालाय. हसू नका.

हिशेबवही:
लोगोचं नंतर बघू. पहिल्या दोन शंकांवर लिहितो, कारण लेबलं गाण्यांमुळे क्वचित बुडतात, कागद आणि हिशेब यांनी बुडतात.

प्रत्येक ट्रॅकमध्ये दोन वेगळे हक्क असतात. एक गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, ज्याला आपण मास्टर म्हणतो. अल्बमच्या कव्हरच्या मागे गोलातला पी असतो तो रेकॉर्डिंगच्या हक्काचा. गोलातला सी कव्हरचं चित्र, मजकूर वगैरेंचा. छोट्या लेबलला लागतो तो फक्त मास्टरचा हक्क. गाण्याच्या हक्कात वाटा मागू नका. तो सांभाळायला वेगळी यंत्रणा लागते, ती तुमच्याकडे नाही. उगाच बँडच्या मनात शंका मात्र येते.

आता मास्टर आज कुणाचा आहे ते शोधा. 'बँडचाच की' हे उत्तर पुरेसं नाही. स्टुडिओचं बिल कुणी भरलं? प्रोड्यूसरने पैसे न घेता 'पुढे बघू' म्हटलंय का? एका गाण्यावर पाहुण्या व्हायोलिनवाल्याने वाजवलंय, त्याने काही लिहून दिलंय का? देशागणिक कायदा बदलतो, पण लेखी काहीच नसेल तर यातला प्रत्येक जण उद्या हक्क सांगू शकतो. उपाय एका पानाचा आहे: अमुक तारखेला अमुक ट्रॅकवर वाजवलं, मोबदला इतका मिळाला, प्रकाशनाला संमती आहे, श्रेय या नावाने द्यावं. खाली सही. हे पान रेकॉर्डिंगच्या दिवशी पाच मिनिटांत होतं. वर्षभराने तोच माणूस दुसऱ्या शहरात असतो आणि फोन उचलत नाही.

त्याच बैठकीत प्रत्येक गाण्याचा वाटणी-तक्ता करून घ्या. शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, बेरीज १००. तुम्हाला त्यातलं काही मिळणार नसलं तरी करा, कारण डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवर गीतकार-संगीतकारांची खरी नावं भरायची असतात.

मग लेबल आणि बँडमधला करार. मास्टर कायमचा लिहून घेऊ नका, परवाना घ्या. ५ किंवा ७ वर्षं, फक्त तुमच्याकडे, सगळ्या जगासाठी. मुदत संपल्यावर कुणीच नोटीस दिली नाही तर वर्षावर्षाने आपोआप वाढेल, असं लिहा. करार संपला तर उरलेल्या प्रती विकायला ६ महिने. बँडला फुकट किती प्रती, जास्तीच्या कोणत्या भावाने. ठरलेल्या मुदतीत तुम्ही रेकॉर्ड काढलंच नाही तर हक्क परत. बँडला वह्या तपासायचा अधिकार. बँड फुटला तर नाव कुणाकडे आणि पैसे कुणाच्या खात्यात. चार पानांत सगळं बसतं. मसुदा वकिलाला एकदाच दाखवा, तोच तिन्ही बँडना चालेल.

डिस्कॉर्ड करार करत नाही हे खरं आहे. पण आज डिस्ट्रिब्यूटरच्या फॉर्मवर 'हे हक्क माझ्याकडे आहेत' अशी खूण तुम्हालाच करावी लागते. ती कशाच्या जोरावर करणार?

वाटणीचे दोन मार्ग. पहिला, आधी सगळा खर्च वसूल, मग उरेल ते अर्धं-अर्धं. दुसरा, बँडला पहिल्या प्रतीपासून ठरावीक टक्के, पण रेकॉर्डिंगचा खर्च त्याच टक्क्यांतून वळता. आकड्यांत बघा. समजा एकूण खर्च १००० एकक, त्यात रेकॉर्डिंग आणि मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) ४०० आणि छपाई, प्रेसिंग (प्रती दाबून काढणं), वाहतूक ६००. प्रती ३००. बँडच्या आणि प्रसिद्धीच्या मिळून ४० गेल्या, विकायला उरल्या २६०. दुकानाचं कमिशन वजा जाता एका प्रतीमागे हातात ८. म्हणजे खर्च निघायलाच १२५ प्रती विकाव्या लागतात. सगळ्या २६० गेल्या तर जमा २०८०, नफा १०८०, पहिल्या मार्गाने बँडला ५४०. दुसऱ्या मार्गाने बँडचे २० टक्के म्हणजे ४१६, त्यातून रेकॉर्डिंगचे ४०० वळते, हातात १६. विक्री तीच. आणि १३० प्रतींवरच गाडी अडकली तर पहिल्या मार्गाने बँडला २० मिळतात, दुसऱ्याने काहीच नाही, उलट खात्यावर १९२ बाकी. तुमच्या आकाराच्या लेबलने पहिलाच मार्ग धरावा, समजावून सांगायलाही तोच सोपा.

फक्त 'खर्च' म्हणजे काय ते नावानिशी लिहा. मास्टरिंग, प्रेसिंग, छपाई, वाहतूक, ठरलेली जाहिरात. तुमचा लॅपटॉप, भाडं, पेट्रोल त्यात नाही. ठरावीक रकमेवरचा कोणताही खर्च बँडला विचारूनच. एका रेकॉर्डचा तोटा दुसऱ्या रेकॉर्डवर ढकलायचा नाही, आणि एका बँडचा दुसऱ्यावर तर मुळीच नाही. प्रत्येक रेकॉर्डचं स्वतंत्र खातं, बँकेत लेबलचं वेगळं खातं, आणि दर ६ महिन्यांनी हिशेबाचा कागद. जमा शून्य असली तरी कागद गेलाच पाहिजे.

सगळ्यात मोठी गळती कार्यक्रमाच्या टेबलावर होते. बँड ३० प्रती घेऊन जातो, रोख येते, कुणी मित्राला एक देतो, परत ७ येतात आणि मधल्या २३ चं काय झालं ते कुणालाच आठवत नाही. नेल्या किती, विकल्या, फुकट दिल्या, परत आल्या: चार रकान्यांची चिठ्ठी खोक्यातच ठेवा आणि त्याच रात्री भरून घ्या.

काठावरचा:
मूलभूत शंका. तिघांनाही स्वतः गाणी अपलोड करता येतात, बँडकॅम्पवर (बँड थेट विक्री करतात ती वेबसाइट) पान काढता येतं. मग मध्ये लेबल कशाला?

हिशेबवही:
रास्त प्रश्न. अपलोड करून देणं एवढंच काम असेल तर लेबल नकोच. प्रेसिंगचे पैसे आधी घालणं, तीन बँडच्या तारखा एकमेकांच्या आड येऊ न देणं, दुकानांकडून उधारी वसूल करणं, रेडिओ आणि लिहिणाऱ्यांकडे वेळेत प्रती पोचवणं, यातलं निदान दोन-तीन तरी तुम्ही करणार असाल तरच अर्धा नफा मागा.

सुईखाली:
विनाइलबद्दल. ५२ मिनिटं एका तबकडीवर म्हणजे बाजूला २६. बसतात, पण वाजतात कशी ते महत्त्वाचं. आवाज मोठा आणि बास भरपूर तर खाच रुंद लागते, रुंद खाचा तितक्याच जागेत कमी बसतात. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या १२ इंचीवर बाजूला १८ ते २० मिनिटांपर्यंत आवाज भरदार राहतो. २६ मिनिटं बसवायला खाच कापणारा कटिंग इंजिनियर आवाजाची पातळी खाली आणतो, मग ऐकणारा आवाज वाढवतो आणि सोबत खरखरही वाढते. तेव्हा दोन गाणी वगळा (डाउनलोड कोडबरोबर द्या), नाहीतर दोन तबकड्या करा, खर्च मात्र दुपटीच्या जवळ जाईल. या लांबीला माझं मत कॅसेटला. सी-६० कॅसेटच्या एका बाजूला ३० मिनिटं, तुमची २६ आरामात बसतील आणि प्रती थोड्याच काढता येतील.

विनाइलच काढायचं ठरलं तर गाण्यांचा क्रम आताच बघा. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर सरकते, आत मधल्या कागदी चकतीजवळ २० च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच आवाजाला आत निम्म्याहून कमी जागा. त्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा आणि 'स', 'श' फाटतात. सगळ्यात जोरकस गाणं शेवटी ठेवायचा मोह प्रत्येक बँडला होतो. ते बाजूच्या सुरुवातीला आणा, शेवटी संथ काहीतरी ठेवा.

विनाइलसाठी मास्टर, इथे त्याचा अर्थ कारखान्याला द्यायची अंतिम फाइल, वेगळा करून घ्या. स्ट्रीमिंगसाठी लिमिटरने (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) दाबलेली फाइल पाठवू नका. २४ बिट वेव्ह, प्रत्येक बाजूची एकच सलग फाइल, गाण्यांमधली शांतता त्यातच, आणि सोबत प्रत्येक गाण्याची सुरुवात मिनिट-सेकंदात लिहिलेला कागद. साधारण १५० हर्ट्झखालचा बास मधोमध, म्हणजे मोनो. डाव्या-उजव्या बाजूचा बास उलट्या फेजमध्ये (एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली) असला तर खाच वर-खाली कापली जाते आणि सुई उडते. गायकाचे टोचणारे 'स', 'श' मिक्समध्येच डी-एसरने (ते मऊ करणारं साधन) बसवा, कटिंगच्या वेळी बसवले तर सगळंच गाणं बोथट होतं.

आधी टेस्ट प्रेसिंगच्या, म्हणजे नमुन्याच्या, मोजक्याच प्रती येतात. दोन वेगळ्या टर्नटेबलवर, दोन वेगळ्या माणसांनी, हेडफोन लावून पूर्ण ऐका. टिक् झालं की वेळ लिहा. सगळ्या प्रतींवर त्याच जागी टिक् असेल तर दोष स्टॅम्परचा (तबकडी दाबायचा धातूचा साचा) किंवा त्याच्या आधीचा, साचा नव्याने करून मागा. एकाच प्रतीवर असेल तर दोष त्या प्रतीचा, सोडून द्या. माइकवर फुंकर बसल्यासारखा 'प' ऐकू आला तर तो तुमच्या मिक्समधला आहे, कारखान्याला दोष देऊ नका. टेस्ट मंजूर होईपर्यंत प्रकाशनाची तारीख जाहीर करायची नाही. ही एक गोष्ट पाळलीत तरी निम्मे मनस्ताप वाचतील.

किती काढायच्या? लॅकर (खाच कापलेली मूळ तबकडी) कापणं आणि प्लेटिंग (तिच्यावरून धातूचा साचा करणं) यांचा खर्च १०० प्रतींना तेवढाच आणि ५०० प्रतींना तेवढाच. म्हणून ५०० चा दर प्रतीमागे स्वस्त दिसतो आणि माणूस फसतो. न विकलेली प्रत स्वस्त नसते. आधी नोंदणी घ्या, बँडच्या कार्यक्रमाला किती वस्तू खरोखर विकल्या जातात ते बघा, मग आकडा ठरवा. कारखान्याच्या अटींत १० टक्के कमी-जास्त प्रतींची मुभा बहुधा असते. जास्तीच्या प्रतींचे पैसे लागतात, ते अंदाजपत्रकात धरा.

सीडीसाठी मोजक्या प्रती लेझरने लिहून मिळतात, काहीशेच्या वर गेलात की काचेच्या मास्टरवरून दाबून काढणं परवडतं. कारखान्याला डीडीपी (सीडीच्या मास्टरचा फाइल-संच) द्या, घरी बर्न केलेली सीडी नको.

पाठवताना तबकडी आतल्या पाकिटासकट कव्हरच्या बाहेर काढून मागे ठेवा. कव्हरमध्येच राहिली तर खोकं आपटल्यावर तबकडीची कडा वरची शिवण चिरते आणि गिऱ्हाईक बदली मागतं. साठा उभा ठेवा, आडवी चळत नाही. उन्हापासून लांब.

कोडमास्तर:
चौथ्या शंकेवर.

आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा कोड, १२ अक्षर-अंकांचा: ५ नोंदणीचे, २ वर्षाचे, ५ तुमच्या क्रमाचे. यूपीसी बारकोड हा पूर्ण प्रकाशनाचा, १२ अंकी. ईएएन असेल तर १३ अंकी. डिस्ट्रिब्यूटर दोन्ही फुकट देतात, तरी आयएसआरसी स्वतःच्या नावाने घेता आला तर घ्या. नाही घेतला तरी चालेल, पण कोणत्या ट्रॅकला कोणता कोड मिळाला ती यादी तुमच्याकडे हवीच.

सगळ्यात जास्त घोळ इथे: एखादं गाणं आधी सिंगल म्हणून आलं आणि तेच रेकॉर्डिंग पुढे अल्बमात आहे, तर आयएसआरसी तोच द्यायचा. नवा दिलात की ऐकण्याचे आकडे दोन जागी फुटतात. उलट रिमिक्स, नुसत्या वाद्यांची आवृत्ती, लाइव्ह रेकॉर्डिंग यांना नवा कोड. डिस्ट्रिब्यूटर बदलताना नव्याकडे तीच फाइल, तेच कोड, अक्षरशः तीच नावं टाका, नवं प्रकाशन सगळीकडे दिसू लागलं की मगच जुनं उतरवा.

फाइल २४ बिट वेव्ह. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी. त्यावर वेबसाइटचा पत्ता, किंमत, सोशल मीडियाची चिन्हं असली की परत येतं. बँडचं नाव आधीच दुसऱ्या कुणाचं असेल तर गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात. अपलोड करतानाच 'नवा कलाकार' निवडा किंवा कलाकाराच्या पानाचा दुवा द्या. पाहुण्या गायकाचं नाव शीर्षकात कोंबू नका, त्याचा रकाना वेगळा असतो.

तारीख शुक्रवारची धरा, २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. अपलोड चार-पाच आठवडे आधी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायला किमान ७ दिवस आधी ते तिथे पोचलेलं लागतं, आणि एका वेळी एकच गाणं सुचवता येतं. कोणतं सुचवायचं ते बँडबरोबर आधीच ठरवा. हा वाद शेवटच्या आठवड्यात फार रंगतो.

पैशांची अपेक्षा माफक ठेवा. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तर एक मोजलं जातं, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला काहीच मिळत नाही. 'दहा हजार ऐकणारे मिळवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. खोटे आकडे पकडले गेले की दंड डिस्ट्रिब्यूटरकडून तुमच्यापर्यंत येतो. बँडकॅम्प डिजिटलवर १५ आणि वस्तूंवर १० टक्के कापतं, पेमेंटचं शुल्क वेगळं. छोट्या लेबलला खरी कमाई तिथे आणि कार्यक्रमाच्या टेबलावर.

डिस्ट्रिब्यूटर निवडताना एकच प्रश्न आधी विचारा: वर्षाची फी भरायची राहिली तर गाणी उतरतात का? उतरत असतील आणि तुमच्याकडे वीस प्रकाशनं झाली असतील, तर ती फी म्हणजे कायमचं भाडं. कमिशन घेणारा काही वेळा परवडतो.

लाउडनेसवरून भांडू नका. स्पॉटिफाय साधारण −१४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) सगळं आणून ठेवतं, म्हणून दाबून मोठा केलेला मास्टर तिथे नुसता खाली ओढला जातो. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, −१ डेसिबलच्या खाली ठेवा आणि बाकी गाण्याला शोभेल तसं.

यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचं गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा) गाणं घालण्याआधी बघा की त्यात विकत घेतलेल्या लायब्ररीतला लूप, म्हणजे फिरून वाजणारा तयार तुकडा, नाही ना. तोच लूप आणखी शेकडो लोकांकडे असतो, तुमचा दावा त्यांच्या व्हिडिओंवर लागतो आणि तक्रारी तुमच्याकडे येतात.

नावकरी:
लोगोवर हसत नाही, पण नाव तपासलंत का? स्ट्रीमिंग सेवांवर, डिस्कॉग्जवर (रेकॉर्डची ऑनलाइन सूची) आणि ट्रेडमार्कच्या नोंदीत वर्ग ९ आणि ४१ मध्ये शोधा. रेकॉर्डिंग वर्ग ९ मध्ये येतात, संगीत निर्मिती-प्रकाशन ४१ मध्ये. जवळपासचा उच्चार असलेली नावंही बघा, फक्त स्पेलिंग नाही. आणि पहिल्या दिवसापासून कॅटलॉग क्रमांक ठेवा, ००१ पासून. तोच क्रमांक करारावर, हिशेबात, फोल्डरच्या नावात, तबकडीच्या आतल्या कोऱ्या पट्टीवर.

ढोबळठेका:
सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यावरून गेलं पण परत वाचतोय. नाव तपासलं, एका बंद पडलेल्या लेबलचं जवळपास तेच निघालं. म्हणजे लोगो गेला.

आणखी तीन अडचणी. पूर्ण झालेल्या अल्बमचा ड्रमर रेकॉर्डिंगनंतर भांडून गेला. त्याच अल्बममध्ये एक कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं, आहे, बँडने त्याचे शब्द थोडे बदललेत. आणि एका गाण्याच्या सुरुवातीला जुन्या सिनेमातल्या संवादाचा तुकडा आहे. या अल्बमपासूनच सुरुवात करायची होती.

हिशेबवही:
मग करू नका. दुसरा घ्या, याचे कागद तोवर करा.

ड्रमरकडे करार घेऊन जाऊ नका, ते एका पानाचं संमतिपत्र घेऊन जा. या रेकॉर्डपुरताच त्याचा वाटा किती ते आधी बँडने ठरवावं आणि तेच पानावर लिहावं. भांडण ज्याच्याशी झालं त्याने जाऊ नये. पुढच्या रेकॉर्डशी त्याचा संबंध नाही, हेही स्पष्ट लिहा. बऱ्याच देशांत रेडिओवर आणि सार्वजनिक ठिकाणी वाजल्याचे पैसे वादकांना वेगळ्या संस्थेतून मिळतात, तिथे त्याचं नाव वादक म्हणून नोंदवलं जाईल असं सांगा. नुसतं तेवढं ऐकूनही लोक नरमतात.

कव्हरला गाण्याच्या हक्काचा परवाना लागतो, आणि डिजिटलचा व छापील प्रतींचा वेगवेगळा लागू शकतो. काही डिस्ट्रिब्यूटर डिजिटलचा मिळवून देतात. पण शब्द बदलले की ते साधं कव्हर राहत नाही, मूळ हक्कदाराची थेट परवानगी लागते आणि तो नाही म्हणू शकतो. मूळ शब्द परत गाऊन घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

संवाद काढून टाका. त्यात सिनेमाच्या ध्वनीचा, संहितेचा आणि कदाचित मागे वाजणाऱ्या संगीताचा असे हक्क गुंतलेले असतात, आणि छोट्या लेबलच्या पत्राला उत्तर येत नाही. मिक्स करणाऱ्याकडून तो तुकडा वगळून नवी फाइल मागा. त्याच वेळी प्रत्येक गाण्याची नुसत्या वाद्यांची आवृत्ती आणि वाद्यागणिक वेगळे स्टेम्सही काढून घ्या, सगळ्यांची सुरुवात शून्य सेकंदापासून. नंतर मागितलं तर प्रोजेक्ट उघडत नाही, प्लगइन बदललेले असतात. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या ठिकाणी.

सुईखाली:
५२ मिनिटांचा अल्बम हाच ना? मग संवाद काढल्यावर किती मिनिटं राहिली ते कळवा. कव्हरही गेलं तर कदाचित एका तबकडीत नीट बसेल.